अंबूचं हसू

सुगतन माषचे पाचही चित्रपट एका पेटीत घालून विकायला काढणार आहेत, ही बातमी कार्त्यायनीला पहिल्यांदा मासेवाल्याकडून कळली, आणि तिचा विश्वास बसला नाही.

"कोण घेणार रे?" बांगडे उलटेपालटे करत तिनं विचारलं. "जिवंत होता तेव्हा फुकट दाखवायचा, तरी माणसं मध्येच उठून भात टाकायला जायची."

"एच्ची, आता मेला ना तो," मासेवाला म्हणाला; थोरल्या बहिणीला आमच्याकडे एच्ची म्हणतात. "मेल्यावर भाव येतो माणसाला. बांगड्याचं उलटं असतं."

त्याचं काही चूक नव्हतं. सुगतन माष शाळेत इतिहास शिकवायचा आणि उरलेल्या वेळात चित्रपट काढायचा. आमच्या पय्यन्नूरच्या बाजूला प्रत्येक गावात एखादा माष असतोच, म्हणजे मास्तर. पण नुसतं 'माष' म्हटलं की खाडीकाठच्या आमच्या वाडीत हाच एक. दाढी, खांद्याला कापडी पिशवी, आणि चहा काळाच. जन्मात पाच चित्रपट केले आणि पाचांनाही पदकं मिळाली. दिल्लीची मिळाली, परदेशातली मिळाली, एकाला तर अशा देशाचं मिळालं की पोस्टमननं नकाशात शोधलं. पण थिएटरात एकही धड आठवडाभर टिकला नाही. मग माष आणि त्याची दाढीवाली मंडळी बसच्या टपावर प्रोजेक्टर चढवायची, गावोगाव दोन माडांच्या मध्ये पांढरं धोतर बांधायची आणि दाखवायची. चित्रपट कसले? माणसं चालायची, बसायची, बघायची. एकात तर एक म्हातारा विहिरीत डोकावतो. बराच वेळ डोकावतो. आमच्या बायका म्हणायच्या, आता घागर तरी पडेल, आता दोर तरी तुटेल. डोंबल! म्हातारा मान वर करतो आणि घरी जातो. त्याला दिल्लीचं पदक.

त्या पाचांतल्या तीन चित्रपटांत कार्त्यायनीचा नवरा होता. अंबू.

अंबू बिड्या वळायचा. वाचनालयाचं वार्षिक नाटक असलं की त्यात विनोदी पात्र त्याचंच. तो रंगमंचावर आला की तोंड उघडायच्या आधीच माणसं हसायला लागायची. फौजदाराची चाल, देवळातल्या कारभाऱ्याचं खोकणं, स्वतःच्या आईचं भांडण, सगळं करून दाखवायचा. आणि आई समोर बसलेली असली तर जरा जास्तच करायचा. अशा माणसाला सुगतन माषनं एकदा बिडीच्या कारखान्यात बघितलं आणि म्हणाला, "अंबू, तुझ्या चेहऱ्यात दुःख आहे."

"दुःख नाही माष, भूक आहे," अंबू म्हणाला. "जेवायची सुट्टी व्हायचीय अजून."

पण माषनं एकदा ठरवलं की ठरवलं. पहिल्या चित्रपटात अंबू नाव बुडालेला नावाडी झाला. दुसऱ्यात पोर हरवलेला बाप. चौथ्यात, ज्याचं नाव 'तिसऱ्या दिवशीचं ऊन', त्यात तर तो सुरुवातीच्या थोड्या वेळानंतर मरतोच, आणि पुढचा चित्रपट त्याच्या मढ्याभोवती चालतो. अंगणात केळीच्या पानावर निजवलेला, उशाशी नारळाच्या वाटीत वात, अंगावर कोरं वस्त्र, आणि कॅमेरा नुसता त्याच्या तोंडावर. हलत नाही, डुलत नाही. मध्ये एक माशी येऊन नाकावर बसते, ओठावरून चालत जाते, पण अंबूच्या पापणीला कंप नाही. आणि मग हळूहळू सगळं पांढरं होत जातं आणि पडदा नुसता उजेडानं भरतो. या एका दृश्यावर लोकांनी काय काय लिहिलं! प्राण प्रकाशात विरघळला म्हणे. कुणी उपनिषद काढलं, कुणी मार्क्स काढला.

चित्रीकरण संपून दोन महिने होतात न होतात तोच अंबूला कावीळ झाली आणि तो गेला. मुलगी प्रीता तेव्हा नुकती चालायला लागली होती.

त्या दिवसापासून कार्त्यायनीचं एक दुखणं होतं, आणि ते ती कुणाला सांगत नसे, कारण ऐकणाऱ्याला ते वेडेपणाचं वाटलं असतं. डोळे मिटले की तिला नवऱ्याचं तोंड दिसायचं नाही. दिसायचं ते मढं. ते केळीच्या पानावरचं, माशी बसलेलं. दिसणार नाही तर काय? तेच पोस्टरवर, तेच पुस्तकांच्या वेष्टनांवर, दरवर्षी माषच्या नावानं काही निघालं की तेच पेपरात. खऱ्या अंबूचा म्हणून घरात एकच फोटो, लग्नाचा. आणि त्या काळी लग्नाच्या फोटोत माणसं फाशी द्यायला नेल्यासारखी उभी राहत. ज्या माणसानं सगळ्या वाडीला पोट धरून हसवलं त्याचं हसरं तोंड कुठ्ठं म्हणून नव्हतं. प्रीताला तर बाप म्हणजे एक रडका माणूस असंच वाटायचं. लहानपणी ती विचारायची, "अम्मा, बाबांना नेहमी पोटात दुखायचं का?"

पण कार्त्यायनीला एक आशा होती. एके ठिकाणी ते हसू आहे, असं ती धरून चालली होती.

त्याचं असं आहे. चित्रपटात मेल्याचं सोंग घेतलं की दृश्य संपल्यावर त्या माणसानं उठायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून मोकळं हसायचं. कॅमेरा चालू हवा आणि ते हसू फिल्मवर उतरायला हवं. म्हणजे यमाची चुकून नजर गेलीच असेल तर त्याला कळावं की हे खोटं होतं. मद्रासच्या मोठमोठ्या स्टुडिओंतही हे पाळतात, भलेभले नट पाळतात. कार्त्यायनीनं त्या सकाळी अंबूला न्याहारीचं पुट्टू वाढता वाढता बजावलं होतं, "हसल्याशिवाय परत येऊ नका. त्या दाढीवाल्याला सांगा, माझ्या बायकोनं सांगितलंय."

आणि संध्याकाळी अंबू आला तो हसतच. "घेतलं!" म्हणाला. "असा हसलो, असा हसलो, की दात मोजून घे म्हणावं यमाला." त्यानं सगळं करून दाखवलं. तो कसा उठला, रडणाऱ्या बायका कशा दचकल्या, माष कसा डोळे वटारून बघत होता. कार्त्यायनीनं त्या दिवशी दोनदा भात वाढून घेतला.

म्हणूनच पुढे सासू जेव्हा ऊर बडवून म्हणाली, "जित्या माणसाला केळीच्या पानावर निजवलंत, मग काय होणार!" तेव्हा कार्त्यायनीनं तिला तिथल्या तिथं गप्प केलं होतं. "ते हसून उठलेत. माझ्या माणसाला चित्रपटानं नाही नेलं, काविळीनं नेलं." माषबद्दल तिच्या मनात कधी अढी आली नाही. उलट देवधर्म न मानणाऱ्या माणसानं आपल्यासाठी फिल्म खर्च केली, याचं तिला अप्रूप होतं. माष दर ओणमला तिच्यासाठी कोरं मुंड, म्हणजे नेसायचं वस्त्र, पाठवायचा, मरेपर्यंत पाठवत राहिला. स्वतः मात्र कधी आला नाही.

पेटीच्या कामासाठी कोळिकोडहून शहला नावाची मुलगी आली. तिशीच्या आतली, कापलेले केस, फिल्म सोसायटीचं काम करणारी. माषच्या घरातून तिनं गंजलेले डबे बाहेर काढले होते आणि कुठल्याशा परदेशी संस्थेकडून चित्रपट धुऊनपुसून नवे करून आणले होते. कार्त्यायनीच्या ओसरीवर बसून तिनं लॅपटॉप उघडला आणि कौतुकानं म्हणाली, "अम्मा, बघा तर. आधी पाऊस पडल्यासारखं दिसायचं ना? आता बघा."

कार्त्यायनीनं बघितलं. मढं आता इतकं स्वच्छ दिसत होतं की गालावरची खुंटं मोजता यावीत. कानाच्या पाळीवरचा तीळसुद्धा दिसत होता. तिनं पदर तोंडाला लावला.

"बंद कर ग."

"अम्मा, मी... सॉरी. मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

"आवडेल? अगं, नवऱ्याचं मढं धुऊनपुसून दाखवतेस आणि आवडेल म्हणतेस?" कार्त्यायनीचा आवाज चढला तशी प्रीता शिवणयंत्र सोडून बाहेर आली. "ते हसले होते ते कुठाय? ते दाखव. ते नाही धुतलंस?"

"कुठलं हसणं?"

मग कार्त्यायनीनं सांगितलं. शहला ऐकत गेली तसे तिचे डोळे मोठे होत गेले. चित्रपटातल्या माणसांना असलं काही सापडलं की भूक लागल्यासारखं होतं. "अम्मा, पाचही चित्रपटांचं उरलंसुरलं रीळ आहे माझ्याकडे. असेल तर त्यातच असणार. मी शोधते. आणि पेटीत घालू आपण, सगळ्यांना दिसू दे."

"सगळ्यांचं मला काही नको," कार्त्यायनी म्हणाली. "मला एकदा बघायचंय. एकदा. मग तुझी पेटी तू कुठं न्यायची तिथं ने."

शहला गेली आणि कार्त्यायनीचं घरात लक्ष लागेना. विहिरीवर भेटेल त्या बाईला सांगायची, सापडतंय म्हणे. चुलीवरची मासळी करपली. प्रीता चिडवायची, "काय अम्मा, नवरा यायचाय का गल्फहून?" तर कार्त्यायनी लाजायची, सत्तरीच्या उंबरठ्यावरची बाई लाजायची! पण मधूनच तिला धास्ती वाटायची. शहलाचा फोन आला की ती प्रीतालाच उचलायला लावायची आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायची. "अजून बघतेय म्हणतेय," प्रीता सांगायची. पुढच्या वेळी, "अजून नाही." त्यापुढे मात्र फोन यायचे थांबले.

एका सकाळी शहला स्वतःच आली. बरोबर एक म्हातारा होता, टक्कल पडलेला, जाड भिंगांचा चष्मा, हातात काठी. त्यानं चपला अंगणाच्या टोकालाच काढल्या. कार्त्यायनीनं त्याला ओळखलं ते चालण्यावरून.

"वर्की? तू वर्की ना रे? कॅमेऱ्याचा वर्की?"

"हो, एच्ची."

"देवा रे! काळेभोर केस होते तुझे. ये, वर ये. प्रीता, चहा टाक. हा वर्की ग, त्रिशूरचा. तुला कडेवर घेऊन फिरायचा, तू त्याच्या दाढीला लोंबकळायचीस."

वर्की वर आला नाही. पायरीवरच बसला आणि काठी आडवी मांडीवर घेतली. "चहा नको एच्ची. आधी ऐका. नंतर चहा द्यायचा की नाही ते ठरवा."

कार्त्यायनी तिथंच खांबाला टेकली. शहला खाली मान घालून उभी होती.

"ते हसणं फिल्मवर नाही," वर्की म्हणाला. "शहला उगाच शोधतेय. ते कधीच नव्हतं."

"नव्हतं म्हणजे? हे हसले होते. मला सांगितलं त्यांनी."

"हसले. मी कॅमेरा फिरवलाही. पण कॅमेरा रिकामा होता, एच्ची." त्यानं चष्मा काढला. "आमच्याजवळ एवढीशी फिल्म उरली होती. माषनं ती सगळी त्या शॉटवर घातली. मी खूण करत होतो, थांबवा, हसण्यापुरती ठेवा, तर तो बघायलाच तयार नाही. ती माशी बसली होती ना, त्याला भानच राहिलं नाही. शेवटी फिल्मच संपली. ते पांढरं होतं ना पडद्यावर, लोक प्राण गेला म्हणतात, ते काही नाही हो. फिल्म संपते तेव्हा शेवटाला उजेड शिरतो. एवढंच."

आत चहाचं आधण उतू गेलं तरी प्रीता हलली नाही.

"म्हणजे," कार्त्यायनी सावकाश म्हणाली, "यांच्या हसण्याची फिल्म तुम्ही मढ्यावर घातलीत."

"हो."

"आणि त्याला पदक घेतलंत."

मग मात्र कार्त्यायनी उसळली. "अरे, मी सासूशी भांडले रे! आख्ख्या वाडीशी भांडले! माष देवमाणूस म्हणत फिरले. दर ओणमला त्याचं मुंड नेसले. आता कळलं कशाला पाठवत होता! रिकामा डबा फिरवून माझ्या माणसाला फसवलंत. भोळा होता, हसवणारा होता, म्हणून? मोठा नट असता तर फिरवला असता रिकामा? ऊठ. ऊठ माझ्या पायरीवरनं."

वर्की उठला. काठी चाचपडायला लागला. प्रीतानं पुढे होऊन ती त्याच्या हातात दिली.

"अम्मा," शहला म्हणाली, "एक मिनिट. फिल्मवर नाही, पण..." तिनं वर्कीकडे बघितलं. "आवाज आहे. माषचा हट्ट असायचा ना, जागेवरचाच आवाज हवा. टेप वेगळी चालायची. काल रात्रभर मी त्या टेपा वाळवत होते, बुरशी होती. त्या दिवसाची सापडली, ती लॅपटॉपवर उतरवून आणलीय. मी पूर्ण ऐकली नाही. म्हटलं, तुमच्याआधी आपण ऐकू नये."

वर्की जागच्या जागी थांबला. "टेप चालू होती?" त्यानं विचारलं. "नंतरही?"

कार्त्यायनी खांबाशी बसली. "लाव," ती म्हणाली.

आधी नुसती खरखर. मग कावळे. कुठंतरी लांब मोटारीचा भोंगा. मग सुगतन माषचा आवाज, तरुण आणि घाईचा: "झालं. थांबवा." त्याबरोबर रडणाऱ्या बायका खिदळायला लागल्या. कुणीतरी केळ्याच्या भज्यांचं विचारलं. आणि मग अगदी जवळून, जणू ओसरीवरच बसून बोलावं तसा:

"उठू का माष? पाठीखाली मुंग्या आहेत. खऱ्या आहेत, नाटकातल्या नव्हेत."

कार्त्यायनीनं प्रीताचा हात पकडला.

"आता माझं हसणं घ्या."

"अंबू, तू वाचनालयात वाचणारा माणूस," माष म्हणत होता. "तू हे असलं मानतोस?"

"मी कुठं मानतो? बायको मानते. मी बायकोला मानतो."

बायका पुन्हा हसल्या. त्या हसण्याआड एक दबका आवाज आला, वर्कीचा: "माष, फिल्म संपली." मग काहीच नाही. कावळे. मग माष, त्याहून दबक्या आवाजात: "फिरव तसाच."

कॅमेरा चालू झाला आणि अंबू हसला. पहिल्यांदा नाटकातलं, हा हा हा, राजासारखं. मग एका बाईला हसू फुटलं, त्यानं त्यालाही खरं हसू आलं, आणि मग ते थांबेना. शेवटाला उचकी लागल्यासारखा आवाज यायचा त्याच्या हसण्यात. तो आला, आणि प्रीतानं झटकन तोंडावर हात नेला. ती स्वतः हसली की तिलाही तशीच उचकी लागते. आजवर वाडीतली माणसं तिला त्यावरून चिडवत आली, पण ती कुणाची हे तिला ठाऊक नव्हतं.

"झालं, एच्ची," वर्की घाईघाईनं म्हणाला. "हसणं झालं. शहला, बंद कर आता."

"राहू दे," कार्त्यायनी म्हणाली.

"पुढे काही नाही हो, नुसती आवराआवर..."

"मग तुला कशाला घाई? राहू दे म्हटलं ना."

टेपमध्ये पावलं लांब गेली. भांड्यांचा आवाज. कुणीतरी वात विझवा म्हणालं. मग पुन्हा अंबू, हळू आवाजात.

"वर्की, डबा रिकामा आहे ना रे?"

"नाही, अंबूएट्टा, कसं..."

"अरे, तीन चित्रपट केलेत तुमच्याबरोबर. भरलेला घरघरतो, रिकामा खडखडतो. मला शिकवतोस?" थोडं थांबून, "जाऊ दे. माषला काही म्हणू नकोस, त्याचा शॉट चांगला झालाय. आणि हे बघ. घरी आलास तर बोलू नकोस. ती जेवायची नाही."

खरखर झाली आणि टेप संपली.

वर्की रडत होता. म्हाताऱ्या माणसाचं रडणं, आवाज नाही, नुसते खांदे. "शब्द दिला होता," तो म्हणाला. "म्हणून तेवढं नव्हतो सांगणार. तुम्ही मला फसवणारा म्हटलंत ते बरं होतं, एच्ची. तसंच राहू द्यायचं होतं."

शहलानं नाक पुसलं. ती बिचारी आपल्या कामाला बांधलेली. तिनं भीत भीत विचारलं, "अम्मा, हे पेटीत... म्हणजे तुमची इच्छा असेल तरच..."

"हसणं घाल," कार्त्यायनी म्हणाली. "लोकांना कळू दे हा माणूस हसायचा. पुढचं घालू नकोस. ते आमच्या घरातलं आहे." मग वर्कीकडे न बघताच म्हणाली, "बस तू. प्रीता, चहा आण त्याला."

प्रीतानं चहा आणला. वर्कीनं पेला दोन्ही हातांत धरला, पण प्याला नाही. कार्त्यायनी अंगणाकडे बघत होती. ती बोलायला लागली तेव्हा पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही की ती दवाखान्याचं सांगते आहे.

"मी तिथं खाटेजवळच बसलेली असायची. अंग पिवळं झालं होतं, पोट सुजलं होतं. डॉक्टर काही धड सांगेनात. सगळे घाबरले, पण मी नाही. मला कशाची भीती? मी यांना रोज म्हणायची, तुम्हाला काही होत नाही, तुम्ही हसलायत ना कॅमेऱ्यात? मग यम कसा येईल? सकाळी म्हणायची, पेज भरवताना म्हणायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईलासुद्धा सांगितलं मी. हे मान हलवायचे. हो म्हणायचे. शेवटच्या दिवशीसुद्धा मी म्हटलं, हसलायत ना? तर म्हणाले, हो ग, दात मोजून घेतलेत त्यानं. आणि..."

"आणि काय, अम्मा?" प्रीतानं विचारलं.

"आणि हसले."

इतक्या वर्षांत तिला ते आठवलं नव्हतं. त्या मढ्यानं सगळं झाकून टाकलं होतं. तिनं डोळे मिटले, आणि तो समोर आला. केळीचं पान नव्हतं, माशी नव्हती. हळदीसारखे डोळे, बसलेले गाल, सुकलेले ओठ, आणि त्या ओठांवर हसू, तिच्याकडे बघत, तिनं जेवावं म्हणून. डबा रिकामा होता हे त्याला ठाऊक होतं. ती जितक्या वेळा विचारत होती तितक्या वेळा त्याला ठाऊक होतं, आणि तिनं एकदाही त्याला घाबरू दिलं नव्हतं.

एवढी वर्षं ते तोंड दिसावं म्हणून झुरलेल्या बाईला ते क्षणभरही बघवेना. तिनं डोळे उघडले, प्रीताच्या कुशीत तोंड घातलं, आणि अंबू गेला त्या दिवशी रडली नव्हती इतक्या मोठ्यानं रडायला लागली.